परदेशी सेवेला गेलेल्या आपल्या मुलांसाठी मंडळीच्या सर्व सभासदांना आवाहन

ख्रिस्तात प्रिय बंधुभगिनींनो, सप्रेम सलाम.

आपल्या इंदूरच्या मंडळीची दोन मुलं आफ्रिकेत मलावी देशात सेवा करताहेत, हे आपण जाणताच. छावणीतल्या मास्तरांचा नातू तिथे शाळेत गणित शिकवतो. आता तिथल्या चिचेवा भाषेत प्रार्थनाही चालवतो. दुसरी माझी धाकटी, मिशनच्या दवाखान्यात नर्स आहे. म्हणून हे पत्र सचिवाचंही आहे आणि आईचंही.

ती निघाली तेव्हा पुष्कळांनी मला बायबलमधल्या हन्नेची आठवण करून दिली. हन्नेने आपल्या मुलाला, शमुवेलाला, देवाला वाहिलं, हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण ती दरवर्षी त्याच्यासाठी छोटा झगा शिवून घेऊन जायची, हेही तिथेच लिहिलेलं आहे. देवाला दिलं आणि हात झटकले, असं तिने केलं नाही. या मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आपण सगळ्यांनी प्रार्थना केली होती. मग झगा एकट्या आईनेच शिवायचा का?

तिकडे नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा. त्या दिवसांत लहान मुलांचा वॉर्ड मलेरियाने भरून जातो, एका खाटेवर दोन-दोन लेकरं. गेल्या पावसाळ्यात तिलाच मलेरिया झाला. आम्हाला कळलं ते ताप उतरल्यावर. व्हिडिओ कॉलवर चेहरा पिवळा पडलेला, ओठ फुटलेले, आणि बोलत होती ती वॉर्डातल्या एका बाळाबद्दल. मी म्हणाले, परत ये. ती म्हणाली, "आई, रात्रपाळीला इथे दुसरं कोणी नाही गं." त्यानंतर मी तो विषय काढलेला नाही. त्याग तिचा आहे; माझ्या वाट्याला आलंय ते रोज रात्री तिला नव्याने प्रभूच्या हाती सोपवणं. मुलं दूर असलेल्या आईबापांना हे सांगायला नको.

या दोघांसाठीचा आपला परदेश सेवा निधी उभा राहिला तो पलासियाच्या काकूंमुळे. पेन्शनची पहिली रक्कम त्यांनी पाकिटात घालून, पाकीट न फोडता, पाळकसाहेबांच्या हाती दिली. भगिनी समाजाने नाताळात करंज्या-चकल्या विकून भर घातली. आदल्या रात्री दोनपर्यंत कढई उतरली नव्हती. रविवारच्या शाळेच्या मुलांनी मातीचे गल्ले आणून फोडले. बँकेतल्या भाऊंनी विम्याचे सगळे कागद स्वतः धावपळ करून पूर्ण केले. राजवाड्याजवळचे आपले कापडवाले शेठजी तर मंडळीचे नाहीत, तरी वॉर्डासाठी चादरींचा गठ्ठा त्यांनी घरपोच पाठवला. या सगळ्यांचं ऋण मोठं आहे.

म्हणूनच मन दुखतं. गेल्या वर्षी वेदीवरून तीनदा सूचना केली, तरी मोजकीच घरं पुढे आली. "स्वतःहून गेली ना?" असं ऐकलं. "इथे गरिबी कमी आहे का?" असंही. इथली गरिबी मलाही दिसते, आणि तिच्यासाठीचं आपलं काम थांबलेलं नाही. पण कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मंडळीने १८७७ साली इंदूरमध्ये काम सुरू केलं, तेव्हा त्यांच्याकडे गरीब नव्हते का? १८८४ साली डॉ. एलिझाबेथ बिटी ही तरुण मुलगी इथे आली, दोन वर्षांनी डॉ. मॅरियन ऑलिव्हर. पुरुष डॉक्टरसमोर न येणाऱ्या इथल्या बायकांना त्यांनी तपासलं, औषध दिलं. बिटीबाईंची तब्येत इथेच ढासळली आणि त्यांना परतावं लागलं. त्यांच्यामागे होता १८७६ मध्ये स्थापन झालेला तिकडच्या बायकांचा मिशन समाज. इंदूर कधी न पाहिलेल्या बायका इंदूरसाठी वर्गणी गोळा करत होत्या. आज आपली मुलं तशीच दूर गेली आहेत, याचा मला अभिमान आहे, तुम्हालाही असावा.

गरज: दोघांचं सुट्टीवर येण्या-जाण्याचं भाडं, वैद्यकीय विम्याचं नूतनीकरण, औषधं व मच्छरदाण्या मिळून रु. २,८०,०००, पैकी रु. ९६,००० जमा. विम्याची मुदत ३० नोव्हेंबरला संपते, तेव्हा रक्कम त्याआधी हवी. पैसे परदेशी पाठवले जात नाहीत, सर्व खरेदी इथेच होते. हिशेब वार्षिक सभेत मांडला जाईल. रोख रक्कम रविवारी उपासनेनंतर कोषाध्यक्षांकडे द्यावी, पावती घ्यावी. चेक मंडळीच्या नावे, मागे "परदेश सेवा निधी" लिहावे. आयकर सवलत नाही. जुनी सुस्थितीतली मोठी सूटकेस असल्यास कळवावे, दोन लागतील. सुती चादरी भगिनी समाजाकडे, फक्त शनिवारी.

आपली नम्र,
सचिव