औषधाच्या तुटवड्याला सरासरीचे उत्तर नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमासंबंधी संसदेत विचारले जाणारे प्रश्न आणि आरोग्य मंत्रालयाने त्यांना दिलेली लेखी उत्तरे मी नियमितपणे वाचत असतो. या वाचनाला घरातलेच कारण घडले. एप्रिल २०२४ मध्ये माझ्या धाकट्या भावाचे उपचार चालू असताना सरकारी आरोग्य केंद्रातून त्याला महिनाभराच्या गोळ्यांऐवजी एकच पट्टी मिळाली. त्याच्या वजनाच्या रुग्णाला दिवसाला ४ गोळ्या आणि पट्टीत २८, म्हणजे ते औषध बरोबर सात दिवसांचे झाले. पुढच्या मंगळवारी तो पुन्हा गेला, तेव्हा शिल्लक राहिलेली शेवटची पट्टी कात्रीने मधोमध कापून अर्धी त्याला आणि अर्धी त्याच्यामागे उभ्या असलेल्या एका बाईंना देण्यात आली. "वरूनच आलं नाही दादा, शुक्रवारी बघा," असे तिथल्या ताई सांगत होत्या आणि त्यात त्यांचा काडीचाही दोष नव्हता. भाऊ रोजंदारीवर काम करतो, त्यामुळे अशा प्रत्येक फेरीला त्याचा एक खाडा पडत होता. क्षयरोगाच्या गोळ्या मध्येच थांबल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होण्याचा धोका असतो, हे त्याला पहिल्याच दिवशी बजावून सांगितलेले होते, आणि ज्या व्यवस्थेने ते बजावले तिच्याकडेच आता गोळ्या नव्हत्या.

या "वरून"चा अर्थ मला पुढे कळला. केंद्र सरकारने १८ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून, औषधांचा पुरवठा लांबण्याची शक्यता असल्याने तीन महिने पुरतील इतकी औषधे स्थानिक पातळीवर खरेदी करावीत, असे कळवले होते. त्याआधी जेमतेम सहा महिने, सप्टेंबर २०२३ मध्ये, तुटवड्याच्या बातम्या दिशाभूल करणाऱ्या असून सर्व औषधांचा सहा महिने व त्याहून अधिक काळ पुरेल इतका साठा आहे, असे याच मंत्रालयाने जाहीर केले होते. या दोन कागदांच्या मधल्या काळात नेमके काय घडले, कोणती निविदा अडली, कोणाच्या टेबलावर आणि किती दिवस, हे विचारण्याची जागा संसद होती. मात्र पत्र निघाले तेव्हा निवडणुकीची आचारसंहिता लागलेली होती. नवी लोकसभा २४ जूनला बसली आणि प्रश्नोत्तरांचे नेहमीचे कामकाज सुरू झाले ते २२ जुलैपासूनच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात. साध्या क्षयरोगाचा संपूर्ण उपचारच सहा महिन्यांचा असतो. मार्चमध्ये ज्याने पहिली गोळी घेतली, त्याचे दोन तृतीयांश उपचार त्याच्या औषधाबद्दल संसदेत एकही प्रश्न विचारता येण्याआधीच उलटून गेले होते.

विलंब समजून घेता येईल. उत्तरांची घडण मात्र मला मान्य होत नाही. "सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय आहे" हे वाक्य आरोग्य मंत्रालयाच्या उत्तरांत वारंवार येते. राज्यघटनेच्या दृष्टीने ते बरोबर आहे, परंतु क्षयरोगाच्या औषधांबाबत ते गैरलागू ठरते, कारण या औषधांची मुख्य खरेदी केंद्राच्या अखत्यारीतील केंद्रीय वैद्यकीय सेवा संस्थेमार्फत होते आणि राज्यांना ती तयार मिळतात. ज्या साखळीची पहिली कडी दिल्लीत आहे, तिच्या खंडाबद्दल राज्याकडे बोट दाखवल्यास प्रश्नकर्त्या सदस्याला उत्तर मिळाले असे म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण मोजपट्टीची आहे. दर लाख लोकसंख्येमागे नव्या रुग्णांचे प्रमाण २०१५ मधील २३७ वरून २०२४ मध्ये १८७ वर आले, म्हणजे २१ टक्क्यांनी घटले, आणि हा वेग जागतिक सरासरीच्या जवळपास दुप्पट आहे, असे सरकार सांगते. आकडे खरे आहेत. निदान आणि उपचारांची व्याप्ती या काळात पुष्कळ वाढली, हेही मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. गावोगाव फिरणाऱ्या आशाताई आणि प्रयोगशाळांमधले कर्मचारी यांचे ते श्रम आहेत. पण मार्च २०१८ मध्ये पंतप्रधानांनी २०२५ पर्यंत क्षयरोग संपवण्याचे जे उद्दिष्ट देशापुढे ठेवले, त्यात २०१५ च्या तुलनेत नव्या रुग्णांमध्ये ८० टक्के आणि मृत्यूंमध्ये ९० टक्के घट अपेक्षित होती. त्या हिशेबाने २३७ चे साधारण ४७ व्हायला हवे होते. २०२५ साल उलटून गेले आहे. आपण स्वतः जाहीर केलेल्या उद्दिष्टाच्या किती मागे राहिलो आणि का, असा प्रश्न असताना जगाच्या सरासरीशी तुलना पुढे केली जाते, तेव्हा मूळ प्रश्न अनुत्तरित राहतो.

जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत असेच घडले होते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंबद्दल विचारले असता, राज्यांनी असे मृत्यू स्वतंत्रपणे कळवलेले नाहीत, असे उत्तर मिळाले. नोंदीत तो रकानाच नसेल तर त्यात आकडा येणार कुठून? औषधाअभावी किती रुग्णांच्या उपचारांत खंड पडला, हा रकाना क्षयरोगाच्या बाबतीतही आधी मागून घ्यावा लागेल.

हे काम सदस्यांचे आहे, आणि त्यांच्या हाती साधने आहेत. लोकसभेत एका दिवसासाठी २० तारांकित, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे, प्रश्न असतात, त्यांपैकी मोजक्याच प्रश्नांवर तोंडी उत्तर आणि उपप्रश्न होतात, हे खरे. पण उत्तर अपुरे वाटल्यास अर्ध्या तासाची चर्चा मागता येते. "माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल" असे मंत्री म्हणाले की ते आश्वासन ठरते. ते तीन महिन्यांत पूर्ण होणे अपेक्षित असते आणि त्यावर आश्वासन समिती लक्ष ठेवते. याचा पाठपुरावा किती सदस्य करतात, हे त्यांच्या मतदारांनी त्यांना विचारावे. प्रश्नाचा मसुदाही बदलायला हवा. "औषधांचा तुटवडा आहे हे खरे आहे काय" असे विचारले की "नाही" या एका शब्दात विषय संपतो.

महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात. त्यांच्यापैकी एकाने तरी येत्या अधिवेशनात पुढील प्रश्न जसाच्या तसा मांडावा, अशी माझी विनंती आहे: जानेवारी ते जून २०२४ या काळात महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्ह्याच्या भांडारात क्षयरोगाच्या कोणत्या औषधाचा साठा किती दिवस शून्यावर होता, त्या औषधाच्या केंद्रीय खरेदीची निविदा कोणत्या तारखेला निघाली आणि पुरवठ्याचा आदेश कोणत्या तारखेला दिला गेला, आणि त्या दिवसांत गोळ्यांविना परत गेलेल्या रुग्णांचा पुढे कोणी शोध घेतला काय?

आपला नम्र,
एक वाचक