नवं पातं आणण्याआधी पट्टी उजेडात धर

प्रिय सुनंदा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं, सोबत पाठवलेली गोधडीच्या कापडाची अडीच इंची पट्टीही मिळाली. 'कटर बिघडलाय, नवा घेऊ का' असं विचारलंयस. तुझ्या रोटरी कटरला, म्हणजे गोल फिरत्या पात्याच्या त्या कटरला, काही झालेलं नाही. पट्टीच्या कडेला काही ठिकाणी दोन-तीन धागे न तुटता राहिलेत आणि बाकी काप लोण्यासारखा आहे. त्या जागांमधलं अंतर मोजलं, तर दर वेळी १४ सेंटीमीटर. कापड दुमडून कापलंस, त्या दुमडीच्या दुसऱ्या बाजूलाही त्याच अंतरांवर तेच, आरशात पाहावं तसं. तुझं पातं ४५ मिलिमीटरचं, म्हणजे त्याचा परीघ १४१ मिलिमीटर. पात्याला एका जागी खाच पडलीये आणि दर फेऱ्यात ती जागा कापडावर आली की धागे सुटतात. बहुतेक टाचणीवरून गेलं असेल, नाहीतर रूलरच्या कोपऱ्यावर आपटलं असेल. ही खाच जात नाही, पातं बदलावंच लागेल. (६० च्या पात्याला हेच अंतर साधारण १९ सेंटीमीटर येतं, २८ च्याला ९.)

पण प्रत्येक वेळी दोष पात्याचाच नसतो, म्हणून हे मोजणं आधी. धागे अंतराचा हिशेब न ठेवता कुठेही सुटत असतील, तर आतमध्ये कापडाचा भुसा अडकलाय. मॅटच्या, म्हणजे कापताना खाली ठेवतेस त्या चटईच्या, ठरावीक जागेवरच सुटत असतील, तर तिथे चर पडलाय. कापड चरात दबतं आणि पात्याखाली त्याला टेकू उरत नाही. अशा वेळी कापड मॅटवर दुसरीकडे सरकवून काप, लगेच कळेल. आणि सगळीकडेच जोर लावावा लागत असेल, एकाच रेषेवरून दोनदा जावं लागत असेल, तर पातं बोथट झालंय. पॉलिएस्टरची बॅटिंग (गोधडीच्या आतलं भरण), चिकटणारं इंटरफेसिंग (कापडाला ताठपणा देणारं अस्तर), कागद यांनी धार सुती कापडापेक्षा लवकर जाते.

पातं बदलताना घाई करू नकोस. नट सोडण्याआधी कटरचा फोटो काढ, आणि सुटे केलेले भाग काढलेल्या क्रमाने एका ओळीत ठेव. बोल्ट, पातं, हँडल, वॉशर, नट यांचा क्रम मॉडेलप्रमाणे थोडा बदलतो आणि वॉशर उलटा बसला की नट कधीच नीट बसत नाही. तो वॉशर जरा वाकलेला असतो. खराब झालाय समजून सपाट करू नकोस, त्या बाकामुळेच नटाला स्प्रिंगसारखा ताण मिळतो. भाग सुटे केलेच आहेत तर पात्यामागचा आणि गार्डमधला, म्हणजे पात्यावरच्या झाकणातला, भुसा मऊ ब्रशने काढ, कोरड्या कापडाने पूस. पातं पुसताना मधल्या भोकाकडून बाहेर पूस, धारेवरून बोट फिरवायचं नाही. इंटरफेसिंगचा चिकटा बसला असेल तर थोड्या स्पिरिटने जातो. शिलाई मशीनचं तेल एक थेंब पुरे, तेही पातं जिथे हँडलला घासतं तिथे. नव्या पात्यांवर तेलाचा पातळ थर असतो आणि त्यामुळे दोन पाती चिकटून एकच वाटतात. एका बोथट पात्याच्या जागी दोन पाती बसवून बसशील, तेव्हा जरा बघून घे. मग चिंधीवर दोन-चार काप घे, म्हणजे तेलाचा डाग चांगल्या कापडावर जाणार नाही.

आता नट. हा खरा चोरटा. पूर्ण आवळ आणि मग अगदी थोडा सैल कर, इतका की मॅटवरून हलकं ढकललं तर पातं फिरतं, पण हँडल हलवलं तर डुगडुगत नाही. फार घट्ट असेल तर पातं फिरतच नाही, फरफटतं. कापड ओढलं जातं आणि पात्याची एकच जागा झिजते. फार सैल असेल तर ते रूलरपासून बाजूला पळतं. काप बिघडला की नव्या पात्याआधी नट तपासायचा, हा माझा नियम.

जुनी पाती डब्यात सुटी टाकू नकोस. रिकाम्या पात्याच्या डबीत घाल, चिकटपट्टीने बंद कर आणि वर 'जुनी' असं मोठं लिही. फॉइल कापून धार येते असं कुणीतरी सांगेलच. त्याने धारेची बारीक वळलेली कड जरा सरळ होते, चार-सहा काप बरे जातात, खाच मात्र तशीच राहते. मी त्यात वेळ घालवत नाही.

मॅट उन्हापासून आणि गरम वस्तूंपासून लांब ठेव. चहाचा कप नको, इस्त्री तर नकोच. एकदा वाकली की सरळ होत नाही. ठेवायची आडवी, भिंतीला टेकवून नाही. रेघांमध्ये अडकलेला भुसा खोडरबराने निघतो. अधूनमधून मॅट फिरव, नाहीतर सगळे काप एकाच रेघेवर पडतात. आणि मापासाठी मॅटच्या रेघा नको, रूलरच्या रेघा वापर. दोन्हींत किंचित फरक असतो आणि तो बारा पट्ट्यांनंतर शिवणीत उमटतो.

तुझ्या पट्टीत दुसरीही गोष्ट दिसते. मधोमध, दुमडीपाशी, ती 'व्ही'सारखी वाकलीये. याला पात्याशी काही देणंघेणं नाही, काप दुमडीशी काटकोनात नव्हता. कापड किनारीला किनार लावून दुमड. किनारी जुळल्या तरी दुमड लोंबकळत असेल, तर वरचा थर डावी-उजवीकडे सरकवून ती सपाट बसव, कडेचे टोक जुळोत वा न जुळोत. दुमड तुझ्याकडे, वेडीवाकडी कड डावीकडे. त्या कडेच्या जरा आत छोटा चौकोनी रूलर ठेव, त्याची खालची रेघ बरोब्बर दुमडीवर. त्याला डावीकडून ६ × २४ इंची रूलर चिकटव, चौकोनी उचल, आणि लांब रूलरच्या उजव्या कडेने कापून टाक. आता या ताज्या कडेपासून मोजायचं. रूलर उजवीकडे सरकव, अडीच इंचाची रेघ त्या कडेवर, आणि काप. दर तीन-चार पट्ट्यांनी काटकोन पुन्हा जुळवायचा. दोनदा दुमडलंस तर एकाऐवजी तीन बाक येतील, म्हणून एकदाच दुमड. ४२-४४ इंची पन्हा अर्धा झाला की २४ इंची रूलरमध्ये मावतो.

उभं राहून काप, शरीरापासून लांब ढकलत. डावा हात रूलरवर तंबूसारखा, करंगळी रूलरच्या बाहेर मॅटवर. अर्ध्यावर आलीस की थांब, पातं तिथेच ठेवून डावा हात वर चालवत ने, मग पुढे. पातं सरळ उभं हवं, उघडी बाजू रूलरला लागून. कललं की ते रूलरची कड तासतं. ४५ च्या पात्याखाली चार थर ठीक. हात सोडण्याआधी गार्ड बंद, दर वेळी.

आणि अर्धचौकोनी त्रिकोणांचं (दोन जोडले की एक चौकोन होतो त्यांचं) विचारलंयस: शिवून तयार चौकोन ३ इंच हवा तर कापायचा चौकोन ३ ७/८ इंचाचा, मग कर्णावर दोन भाग. ३ ३/४ कापलास तर पाव इंचाच्या शिवणीत कोपरा खुंटेल.

तुझी पट्टी परत पाठवतेय. राहिलेले धागे कात्रीने तोड, दुमडीपाशी वाकलेला तेवढा भाग काढून टाक, दोन्ही बाजूंच्या उरलेल्या पट्टीत अडीच इंची चौकोन निघतील.

तुझी,
माधवी