चि. सायलीस, झोंबीच्या वतीने

डोंबिवली (पूर्व),
२१ नोव्हेंबर

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलता आलं असतं. पण फोनवर तू "हं, हं" करत दुसरीकडे काहीतरी टाइप करत असतेस, ते मला इथे ऐकू येतं. म्हणून पत्र. तीस वर्षं युनियनची पत्रं लिहिलेला माणूस आहे मी. तोंडी मागणीला कुठलंच व्यवस्थापन भीक घालत नाही, कागद लागतो. इथे व्यवस्थापन म्हणजे तू.

विषय: माझा गुडघा आणि तुझा झोंबी.

गणपतीला आली होतीस तेव्हा विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी म्हणालीस, "बाबा, जरा हॉलपासून गॅलरीपर्यंत चालून दाखवा ना." मी चाललो. "आता परत या. घाई करू नका." परत आलो. मला वाटलं, पोरीला काळजी वाटते, डॉक्टरला दाखवायला व्हिडिओ काढतेय. म्हणून मुद्दाम जरा जास्तच लंगडलो. परवा आईच्या मोबाइलवर तू बनवतेस त्या गेमची क्लिप आली. अंधारी गल्ली, धूर, आणि त्यातून हिरवट कातडीचा, जबडा लोंबणारा एक इसम डावा पाय ओढत येतोय. आईने चष्मा लावून पाच सेकंद पाहिलं आणि म्हणाली, "अहो, हे तुम्ही."

मीच होतो. आधी उजवा खांदा पुढे, मग क्षणभर विचार केल्यासारखं थांबणं, मग पाय. गॅलरीच्या उंबऱ्याशी मी दाराची चौकट धरतो, तशी त्याने विजेच्या खांबाला धरली. मग तुझ्या नायकाने मला गोळी घातली. मी पडलो, उठलो, पुन्हा घातली. खाली तुझा मजकूर: "याला अकरा प्रकारे मरता येतं." आणि तुझ्या आईने त्यावर अंगठा टाकला.

माझी तक्रार मानधनाची नाही. म्हणजे आहे, पण ती वेगळ्या पत्रात. आज मी त्या दुसऱ्या इसमाच्या वतीने लिहितोय, कारण त्याला जबडा नाही आणि युनियनही नाही.

आधी चौकशी केली. वाचनालयात जाऊन विचारलं, "झोंबीवर काही आहे का?" बाईंनी आनंद यादवांची कादंबरी हातात ठेवली. १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार, म्हणाल्या, न्या. पूर्वी वाचलेली, तरी आणली आणि बरंच झालं. पोराला शाळेत जायचंय आणि बाप त्याला मळ्यात राबवतोय, अशी ती गोष्ट. म्हटलं, चुकून का होईना, बाईंनी बरोबर कपाट उघडलं. कारण पुढे तुझ्याच जुन्या टॅबवर जे वाचत गेलो, त्यात तुझा झोंबीही शेवटी राबणाराच निघाला.

तो हैतीचा. बेटाचा तो भाग फ्रेंचांच्या ताब्यात होता तेव्हा तिथल्या उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांत सुमारे पाच लाख गुलाम होते, आफ्रिकेतून धरून आणलेले. १७९१ साली त्यांनी उठाव केला आणि १ जानेवारी १८०४ ला स्वतंत्र झाले. (१८२५ साली फ्रान्सने उलट त्यांच्याकडूनच पंधरा कोटी फ्रँक नुकसानभरपाई मागितली. कामगाराने मालकाला भरपाई द्यायची! आमच्या कुठल्याही वाटाघाटीत एवढा निलाजरेपणा मी पाहिला नाही, आणि मी बरेच पाहिलेत.) त्या गुलामांना एक आशा होती. मेलो की सुटलो, आत्मा परत आफ्रिकेत जाईल. आणि म्हणून त्यांची सगळ्यात मोठी भीती कसली, तर मेल्यावरही कोणीतरी उठवेल आणि पुन्हा मळ्यात उभं करेल. ही भीती म्हणजे झोंबी. नीट लक्षात घे, सायली. भीती झोंबी येऊन चावेल याची नव्हती, आपला झोंबी होईल याची होती.

हैतीच्या जुन्या दंडविधानात याला कलमसुद्धा आहे, २४६. माणसाला जीवे न मारता मेल्यासारखी गुंगी आणणारं काही दिलं, तर तो विषप्रयोगच धरायचा, आणि त्या अवस्थेत त्याला पुरलं तर खून. म्हणजे कायद्याच्या नजरेत झोंबी हा फिर्यादी. तुझ्या नजरेत आरोपी.

मग अमेरिकन सैन्य १९१५ ला हैतीत घुसलं आणि १९३४ पर्यंत तिथेच बसलं. त्या काळात विल्यम सीब्रुक नावाचा एक अमेरिकन प्रवासी तिथे हिंडला आणि १९२९ साली त्याने ऐकलेली एक हकिगत छापली. खरी किती, खोटी किती हे सोड. साखर कंपनीला ऊसतोडीला माणसं हवी असतात. एक म्हातारा मुकादम मळक्या, मुक्या, शून्यात बघणाऱ्या माणसांची टोळी घेऊन येतो. लांबच्या डोंगरातले आहेत, भाषा कळत नाही, म्हणतो. टोळी दिवसभर उन्हात राबते आणि आठवड्याचा पगार मुकादम घेतो. हे वाचून मी टॅब खाली ठेवला. टोळी, मुकादम, उसाचा फड. बीड जिल्ह्यातल्या माणसाला यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

आता पुढचं ऐक. या माणसांना जेवण द्यायचं, पण अळणी. मीठ अजिबात नाही. झोंबीच्या जिभेला मीठ लागलं की त्याला आठवतं, आपण मेलोय, आपण इथले नाही. एक दिवस मुकादमाच्या बायकोला त्यांची दया येते. ती त्यांना जत्रेला नेते आणि खायला गुळाच्या वड्या घेऊन देते, शेंगदाण्यासारखे पिस्ते घातलेल्या. आपली चिक्कीच म्हण. वड्या करणाऱ्याने पिस्ते आधी खारवलेले असतात. एक घास जातो आणि सगळे ओरडून उठतात, आणि जे चालत सुटतात ते थेट आपल्या गावच्या स्मशानापर्यंत. आपापली थडगी शोधून हाताने उकरतात आणि पडतात.

आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे मालकाशी इमान राखणं. ही म्हण कोणी केली असेल, याचा मला आता दाट संशय आहे. त्यांच्याकडे मिठाला जागतो तो जागाच होतो, आणि मालकाला सोडून जातो.

सिनेमाने या माणसाचं काय केलं ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल, तो तुझा धंदा. १९३२ च्या पहिल्या चित्रपटात तो निदान साखरेच्या गिरणीत काम तरी करताना दिसतो. एक जण चरकात पडतो आणि बाकीचे चरक फिरवत राहतात. आमच्याकडे एकाचं बोट गेलं होतं तेव्हा लाइन दहा मिनिटं थांबली होती, तीही आम्ही आरडाओरडा केला म्हणून. त्यामुळे त्या दृश्यात मला भुताटकी काही दिसली नाही. पुढे १९६८ साली पिट्सबर्गच्या जॉर्ज रोमेरोने कृष्णधवल चित्रपट काढला आणि मुडदे माणसं खायला लागले. त्या चित्रपटात झोंबी हा शब्द एकदाही नाही. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलेलं. शेवटी रात्रभर झुंजून वाचलेला एकुलता एक माणूस, आणि तो काळा, सकाळी खिडकीशी येतो. बंदूकवाल्यांची टोळी लांबून त्यालाही त्यातलाच समजून गोळी घालते. कोणी आधी हाक मारून बघत नाही. रोमेरोला बरोबर कळलं होतं, असं मला वाटतं. त्याच्या मागून आलेल्यांना कळलं नाही.

आणि त्यातली गंमत बघ. नाव ऐन वेळी बदललं, त्या गडबडीत पडद्यावरची कॉपीराइटची ओळ राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्याने चित्रपट सगळ्यांचा झाला. तेव्हापासून हा गडी वाटेल त्याच्या मळ्यात फुकट राबतोय. कोरियात, तामिळनाडूत, गोव्यात, आणि २०२२ मध्ये आपल्या डोंबिवलीतसुद्धा. "झोंबिवली" पाहून बाहेरगावचे लोक हसले. आपल्याला सकाळची फास्ट लोकल माहीत आहे, त्यामुळे मेकअपचा खर्च कशाला केला, एवढाच प्रश्न पडला.

सगळ्यात जास्त मला झोंबली ती १९९७ ची गोष्ट. गाडीने पादचारी चिरडायचा एक गेम होता. ब्रिटनच्या सेन्सॉरने तो नाकारला, म्हणाले, माणसं चिरडणं वाईट. कंपनीने काय केलं? रस्त्यावरची माणसं काढून तिथे झोंबी ठेवले, रक्त हिरवं केलं. मग चाललं! गाडी तीच, रस्ता तोच. फक्त चिरडला जाणारा आता कोणाचाच कोणी नव्हता. तुझ्या कंपनीत कातडीला हिरवा रंग देतात तो कलेचा प्रश्न आहे, असं तुला वाटत असेल, तर हे एकदा आठव.

तू म्हणशील, बाबा, पण ते चावतात. चावतात, मान्य. शिस्तभंगाच्या चौकशीतसुद्धा आधी आरोपपत्र देतात, खुलासा मागवतात. मेंदू खाण्याचा आरोप तर १९८५ च्या एका विनोदी चित्रपटापासूनचा, त्याआधी त्याच्या नावावर तसला गुन्हा नाही. आणि चळवळ मी एकटाच चालवतोय असं समजू नकोस. ब्रिटनमध्ये २०१० च्या सार्वत्रिक निवडणुकीत अशा न-मेलेल्यांच्या हक्कांसाठी एक नोंदणीकृत पक्ष उभा होता. निवडून आला नाही, ते सोड, आमचेही फारसे कधी आले नाहीत.

आपल्याकडे भुतालासुद्धा मान असतो गं. तुझ्या आजीचं माहेर वेंगुर्ल्याकडचं. आरवलीचा वेतोबा तुला आठवत नसेल, तू चार वर्षांची होतीस आणि केळ्यासाठी रडत होतीस. भुतांचा राजा तो, पण गावाचा राखणदार. रात्री गावाभोवती फिरतो, चपला झिजतात, म्हणून लोक त्याला नवसाला हातभर लांबीच्या चपला वाहतात आणि केळ्यांचे घड. मुंज्याला पिंपळ आहे, कोकणात देवचाराला वर्षाची राखण आहे. रात्री पाय ओढत चालणाऱ्याला आपण विचारलं, बाबा, तुझ्या पायात काय आहे? तुम्ही विचारता, डोक्यात किती गोळ्या लागतील.

आता यात माझा वैयक्तिक संबंध कुठे आला, ते सांगतो. माझा हयातीचा दाखला नोव्हेंबरात संपतो. मंगळवारी गेलो. तीस वर्षं लेथ चालवून बोटांवरच्या रेषा गेल्यात, यंत्र अंगठा घेईना. यंत्रावरच्या मुलाने तो ओल्या फडक्याने पुसला, मग डोक्याला घासायला सांगितला, मग दुसरी बोटं झाली. यंत्र दर वेळी नाहीच म्हणत होतं. शेवटी तो म्हणाला, "काका, सिस्टिम तुम्हाला घेत नाहीये." मागे रांगेत बारा-पंधरा म्हातारे, सगळ्यांची चाल माझ्यासारखीच. तुला तिथे फुकट शूटिंग करता आलं असतं. मग त्याने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला आणि म्हणाला, "डोळे मिचकवा." मिचकवले. "अजून एकदा." मिचकवले. हिरवी खूण आली. वर्षभरासाठी मी जिवंत ठरलो, डोळा मारून.

आझमगढच्या लालबिहारींना हे अठरा वर्षं जमलं नाही. चुलत्याने जमिनीसाठी त्यांना कागदावर मारलं. जिवंत असल्याचा पुरावा व्हावा म्हणून ते निवडणुकांना उभे राहिले, नावापुढे "मृतक" लावलं, मृतक संघ काढला आणि १९९४ ला कुठे सरकारदरबारी जिवंत झाले. त्यांच्या संघात तशी पुष्कळ माणसं आली. म्हणजे चालतेबोलते मृत ही काही अमेरिकेची मक्तेदारी नाही. आपल्याकडे ते तहसीलदार कचेरीत अर्ज घेऊन उभे असतात, कोणाला चावत नाहीत.

माझी मागणी एकच आहे. त्या गल्लीच्या कोपऱ्यावर एक बंद वाण्याचं दुकान कर. फळीवर एक बरणी ठेव, खाऱ्या दाण्यांची. खेळणाऱ्याला वाटलं तर त्याने बंदूक खाली करून मूठभर दाणे त्या माणसासमोर धरावेत. तो खाईल, थांबेल, मान वर करेल. मग पाठ फिरवून आपल्या घराच्या दिशेने चालू लागेल. त्याचे गुण देऊ नका, पुढची पातळीही उघडू नका. नुसतं जाऊ दे त्याला. तुझे साहेब म्हणतील, यात खेळ काय? त्यांना सांग, पहिले अकरा प्रकार आहेतच, हा बारावा. पाठमोरी चाल लागेल. मी तयार आहे, गुडघाही अजून तसाच आहे.

आणि येताना पाव किलो खारे दाणे आण. बी.पी.चं निघाल्यापासून आईने माझं मीठ तोडलंय, आमटीसुद्धा वेगळी काढते. ती हैतीची हकिगत वाचली त्या रात्री ताटाकडे बघून मी तिला विचारलं, "हे नक्की डॉक्टरांनीच सांगितलंय ना?" ती काही बोलली नाही. पुडी लॅपटॉपच्या बॅगेत टाक, तिथे ती बघत नाही.

तुझा,
बाबा

ता. क. सायली, पाकीट मी चिकटवतेय. दाणे आण, पण बिनमिठाचे. आणि बॅगेत मी बघते. - आई