आईचा नवस आणि पहाटेची कसारा

परळ, मुंबई
8 डिसेंबर

ती. आई-बाबांस,
सप्रेम सलाम.

फोनच करणार होतो. पण फोनवर आई गप्प होते आणि मग मी भलतंच काहीतरी बोलून बसतो. म्हणून पत्र.

पाळकसाहेबांना रविवारी ‘नाही’ कळवलं. रेल्वेतून व्हीआरएस घेणार नाही, पाळक व्हायला पुण्याला सेमिनरीत जाणार नाही. बाबा, तुम्ही आता चष्मा काढून टेबलावर ठेवाल. ठेवू नका, पुढचं वाचा.

पैशाचा विचार केलाच नाही म्हटलं तर खोटं होईल. चिंगीची बारावी आहे, नोकरी सोडली की क्वार्टर जाणार. पण तेवढंच असतं तर चार ओळींत लिहून मोकळा झालो असतो.

आई, बायबलमधल्या हन्नाने नवसाच्या शमुवेलाला देवाला दिलं तसं त्या तापात तू मला देऊन टाकलंस, हे मी पाळण्यापासून ऐकतोय. आजी बायबलबाई, उन्हातान्हात बायबल सांगत पायी गावं फिरलेली. बाबांची शाळा आणि रविवारचा उपदेश. चर्चच्या मंडळीत कोणी माझं विचारलं की तू ‘रेल्वेत असतो’ एवढंच सांगतेस आणि विषय बदलतेस. मला कळतं. राग नाही गं.

आपल्या घरात 1813 साली हॉल आणि नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत कसे आले ते सगळ्यांना पाठ. त्यानंतर चाळीस वर्षांनी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तिचं नाव कधी कोणी काढलं नाही! मीही माझं काम कधी नीट सांगितलं नाही म्हणा.

पहाटे मोटरमनच्या लॉबीत सही करायची, नळीत फुंकून दाखवायचं (प्यायलेला नाही ना म्हणून. बाबा, हसू नका), मग केबिनमध्ये मी एकटा आणि मागे बारा डबे. हाताखाली एक हँडल असतं, त्याला डेडमन म्हणतात. गाडी पळवताना ते दाबूनच ठेवायचं. चालवणाऱ्याला काही झालं, हात सुटला, की ब्रेक आपोआप लागतात. कसाऱ्यापर्यंत साधारण 120 किलोमीटर, अडीच तासांच्या आसपास. हिवाळ्यात तळहाताला त्या मुठीचा वळ उठतो. मागे नोकरीवाले, कॉलेजची पोरं, टोपल्या घेतलेल्या बायका. त्यातल्या एकालाही माझं नाव माहीत नाही.

डोळे मिटून प्रार्थना मला परवडत नाही, उघड्या डोळ्यांनीच करतो. भायखळ्यापर्यंत घरचे, कुर्ल्यापर्यंत मंडळीतले आजारी.

आणि मुंब्र्याला खाडी दिसली की आणखी एकासाठी. जुलैत मी ‘गाडी लेट झाली’ म्हणालो होतो, ते पूर्ण खरं नव्हतं. एक माणूस रुळावर आला होता. हॉर्न दिला, ब्रेक मारला, पण लोकल काही सायकल नाही. माझी चूक नव्हती, चौकशीतही तसंच लिहिलंय. मी बरा आहे, झोप लागते, जेवतो. आई, रडू नकोस, म्हणून तर तेव्हा सांगितलं नाही. त्याचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. रोज तिथे त्याच्या घरच्यांना देवापुढे ठेवतो. मी पुण्याला गेलो तर त्या जागी ते कोण करणार? पाळकसाहेबांना हे सांगायला तोंड उघडलं नाही. तुम्हाला सांगतोय.

बाबा, संडेस्कूलात तुम्हीच शिकवलंत की बायबलमधल्या निर्गमाच्या 31व्या अध्यायात देव बसालेल नावाच्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरतो. कशासाठी, तर सोनं-पितळ घडवायला आणि लाकूड कोरायला. प्रेषित पौलसुद्धा करिंथात तंबू करून पोट भरत होता. तुमचंच तुमच्यावर उलटवतोय, माफ करा. पण नवस मोडला असं मनात आणू नका, एवढंच.

24ला रात्रीपर्यंत ड्यूटी आहे, 25ला सुटी. दिवाळीत दोघांच्या ड्यूट्या केल्या, त्याची परतफेड. सकाळची उपासना झाली की निघतो, रात्री नगरला. तोवर बाबांनी साखरेची गोळी ‘प्रार्थनेनंतर घेतो’ म्हणून पुढे ढकलायची नाही, देव थांबतो, साखर थांबत नाही. रविवारी सायकल बंद, रिक्षाने जायचं, पैसे मी पाठवतो. आईने करंज्यांना एकटीने बसायचं नाही. सिलिंडर कोणीही ढकलायचा नाही. आणि मोतीबिंदूची जानेवारीची तारीख आता बदलायची नाही, कोणाचं लग्न असो नाहीतर बाप्तिस्मा.

हन्ना दरवर्षी शमुवेलासाठी छोटा झगा न्यायची, ते तू वाचून दाखवायचीस आणि लगेच लोकर काढायचीस. मुंबईत स्वेटर कशाला, असं तुझी सून म्हणते. तिला कसाऱ्याची पहाट माहीत नाही. पण यंदाचा डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावरच विण, उशीर झाला तरी चालेल. गळा जरा मोठा ठेव, डोकं अडकतं. रंग राखाडी घे, फिक्या रंगावर डाग दिसतात.

तुमचा,
बाळू