कॅनडातल्या ग्रेट बेअर तलावाच्या सहलीला येणाऱ्यांसाठी सूचना

सदस्यहो, नमस्कार.

आपण ऑगस्टअखेर निघतोय. तिकडे तोवर शरद सुरू झालेला असतो: टुंड्रा तांबडी होते, रात्री पुन्हा अंधार पडू लागतो आणि आभाळ निरभ्र असलं तर ध्रुवीय प्रकाश दिसतो. उबदार कपडे, पाणी न शिरणारं जॅकेट आणि लोकरी टोपी आणाच. लॉजपर्यंत लहान विमानानेच पोहोचायचं आहे, त्यामुळे सामान मोजकंच ठेवा.

आता मुख्य गोष्ट, मासेमारीची. नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये (तलाव कॅनडाच्या याच भागात आहे) उलटा काटा नसलेलाच गळ चालतो. जुन्या गळांचे काटे पकडीने दाबून घरूनच सपाट करून आणा. परवाना प्रत्येकाचा स्वतंत्र. इथल्या गार पाण्यात लेक ट्राउट हा मासा फार सावकाश वाढतो, पन्नाशी ओलांडलेले मासेही असतात आणि माद्या दरवर्षी अंडी घालत नाहीत. १९९५ साली याच तलावात ७२ पौंडांचा विक्रमी मासा मिळाला होता. म्हणून मोठा मासा लागला की हात ओले करून, पाण्यातच धरून सोडून द्यायचा. फोटो काढायचाच तर झटपट. जेवणापुरता एखादा छोटा पुरे.

बोटीत बसण्याआधी लाइफजॅकेट घाला. पाणी जीवघेणं गार असतं, यात सवलत नाही.

– सहल संयोजक