नव्या मंडळीची मूल्ये ठरवताना: आई-बाबांना पत्र

ती. आई आणि बाबा यांस,
प्रभू येशूमध्ये सप्रेम नमस्कार.

बाबा, आपल्या मागच्या बोलण्यात तुम्ही विचारले होते की, पवित्र शास्त्र हाती असताना आणि मतांगिकार, म्हणजे विश्वासाची ठरलेली कबुली, तोंडपाठ असताना नव्या मंडळीने, म्हणजे नव्या चर्चने, स्वतःची वेगळी मूल्ये लिहून ठेवायची गरजच काय. माणसांनी तयार केलेला एखादा कागद हळूहळू वचनाच्या जागी जाऊन बसेल, ही त्या प्रश्नामागची काळजी मला समजली आणि ती रास्तही आहे. म्हणून सविस्तर लिहीत आहे.

विश्वास काय आहे हे ठरवणे आमच्याकडे नाही, हे आम्ही पहिल्याच बैठकीत मान्य केले. निकिया येथे 325 साली आणि कॉन्स्टंटिनोपल येथे 381 साली भरलेल्या सभांत मंडळीने जे कबूल केले, ते आम्हाला वारशाने मिळाले आहे. त्यात भर घालण्याचा किंवा काटछाट करण्याचा विचारही कोणाच्या मनात नाही. मात्र एकच विश्वास कबूल करणाऱ्या दोन मंडळ्या अगदी वेगळ्या रीतीने जगू शकतात. कोणाचे ऐकले जाते, पैसा कोण हाताळतो, नव्याने आलेल्या माणसाला कुठे बसवले जाते, या गोष्टी मतांगिकारात लिहिलेल्या नसतात. मूल्ये लिहायची ती एवढ्यासाठीच.

नव्या करारातील प्रेषितांच्या कृत्यांचा सहावा अध्याय आम्ही या दृष्टीने पुन्हा वाचला. यरुशलेमेतल्या मंडळीत स्वतः प्रेषित शिकवत होते, शिक्षणात कसलीही उणीव नव्हती, तरीही रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांची उपेक्षा होत होती. यावर प्रेषितांनी कुरकुर करणाऱ्यांना गप्प केले नाही आणि नुसता प्रेमावर उपदेशही केला नाही. त्यांनी मंडळीलाच सात माणसे निवडायला सांगितली आणि निवडलेल्या सातही जणांची नावे, स्तेफन आणि फिलिप्पापासून अंत्युखियाच्या निकलावापर्यंत, ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय होत होता, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटपाचे काम गेले. त्या मंडळीला काय मोलाचे वाटत होते, हे मला कुठल्याही घोषवाक्यापेक्षा त्या नावांच्या यादीतून जास्त स्पष्ट कळते.

यातूनच आम्ही एक कसोटी घेतली आहे. कोणतेही मूल्य कागदावर घेण्याआधी आम्ही स्वतःला विचारतो की, यासाठी आम्ही काय गमवायला तयार आहोत. उत्तर काहीच नाही असे आले, तर ते वाक्य कितीही सुंदर असले तरी वगळायचे. प्रेम, ऐक्य, प्रार्थना हे शब्द कोणती मंडळी नाकारील? म्हणून नुसते शब्द पुरेसे नाहीत. प्रत्येक शब्दाबरोबर त्याची एक ठरलेली कृती लिहिलेली हवी, आणि ती कृती झाली की नाही हे मंडळीतल्या साध्या सभासदालाही विचारता आले पाहिजे.

या कसोटीवर दोन गोष्टी गळाल्या. उपासनेतील उत्कृष्टता हे मूल्य काहींना हवे होते. चांगली तयारी करून गाणे आणि उपदेश करणे आवश्यकच आहे, परंतु ते मूल्य म्हणून सर्वांत वर ठेवले, तर जो अडखळत वाचतो किंवा ज्याचा सूर लागत नाही, त्याला पुढे येण्याची संधी कधी मिळणारच नाही, असे मला ठामपणे वाटते. दुसरी गोष्ट संख्यावाढ. सुवार्ता सांगणे ही आज्ञा आहे आणि ती आम्ही पाळणार आहोत. पण किती जण आले ही मोजणी मूल्य झाली, की देणगी देणाऱ्या वजनदार माणसाला दुखवायचे नाही ही सवय लागते आणि याकोबाने आपल्या पत्रात सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला मानाची जागा देण्याबद्दल जे सुनावले आहे, ते आपल्याच दारात घडू लागते.

जे कागदावर राहिले त्यात मला सर्वांत जवळचे आहे ते ‘सर्वांसाठी एकच मेज’ हे मूल्य. करिंथ येथे प्रभुभोजनासाठी एकत्र आलेल्यांपैकी काही आधीच खाऊन तृप्त होत आणि काही भुकेले राहत. प्रेषित पौलाने त्यांना पत्रात स्पष्ट सांगितले की, हे प्रभूचे भोजन नव्हेच. आमच्या मंडळीत शिक्षण, उत्पन्न किंवा घराणे पाहून कोणालाही जबाबदारी मिळणार नाही आणि नाकारलीही जाणार नाही, असे आम्ही लिहिले आहे. यामुळे काही जण नाराज होऊन निघून जातील, हेही आम्ही गृहीत धरले आहे.

अधिकार आणि पैसा यांबाबत मात्र नुसत्या सद्भावनेवर आमचा भरवसा नाही. मंडळीतल्याच दियत्रफेस नावाच्या माणसाला पहिले स्थान हवे होते, हे योहानाच्या तिसऱ्या पत्रात वाचतो तेव्हा हा मोह मंडळीइतकाच जुना आहे हे ध्यानात येते. म्हणून पाळक एकटा निर्णय घेणार नाही, वडीलजनांची, म्हणजे मंडळीतल्या जबाबदार ज्येष्ठांची, सभा असेल आणि पाळकालाही तिला उत्तर द्यावे लागेल. दानार्पण एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दोघांनी मोजायचे, बँकेच्या खात्यावर पाळकाची सही नसेल आणि हिशेब मंडळीसमोर वाचला जाईल. यात अविश्वास आहे असे कोणी म्हणाले, तर पौलाकडे बोट दाखवता येते. यरुशलेमेसाठी जमवलेली मदत नेताना, आपल्यावर कोणी ठपका ठेवू नये म्हणून त्याने मंडळ्यांनी नेमलेला माणूस बरोबर घेतला होता. मुलांच्या वर्गात कोणीही मोठे माणूस मुलांबरोबर एकटे असणार नाही, हा नियमही याच भावनेतून केला आहे आणि त्यावर आमच्यात वाद झाला नाही.

वाद आहे तो बाप्तिस्म्यावर. आमच्यात काही कुटुंबे बालबाप्तिस्मा मानणारी आहेत, काही विश्वासाची स्वतः कबुली दिल्यानंतरचाच बाप्तिस्मा मानणारी. दोन्ही बाजू शास्त्राच्या आधारेच बोलतात. परस्परांची मते सहन करणे हे मूल्य म्हणून लिहिणे सोपे आहे, पण एखाद्या घरातले तान्हे मूल पुढे आणले जाईल त्या दिवशी पाळकाने काय करायचे, हे त्या वाक्यातून कळत नाही. रोमकरांस पत्रातील चौदावा अध्याय आम्ही आधाराला घेतो, तरी तिथला विषय खाण्याचा आणि दिवस पाळण्याचा आहे. तो इथे कितपत लागू करावा याबद्दल माझे मन अजून निश्चित झालेले नाही.

बाबा, तुम्ही वडीलजन म्हणून इतकी वर्षे मंडळीतले असे मतभेद हाताळले आहेत, म्हणून या मुद्द्यावर तुमचे मत मला हवे आहे, माझ्या विरुद्ध असले तरी. आई, मसुदा सोबत जोडला आहे. तू तो चर्चमध्ये पहिल्यांदाच येणाऱ्या बाईच्या नजरेने वाच आणि जे वाक्य तिला कळणार नाही त्यावर रेघ मार. मंडळीपुढे तो ठेवण्याआधी तुमच्या दोघांच्या खुणा त्यावर झालेल्या असाव्यात, अशी माझी इच्छा आहे.

तुमच्या रोजच्या प्रार्थनेत या कामाची आठवण असू द्या.

तुमचा,
मुलगा