अठरा हजारांसाठी अख्खे खाते

महोदय,

बँकेत एकतीस वर्षे काढली, त्यामुळे ‘डेबिट फ्रीज’, म्हणजे खात्यातून पैसे बाहेर जाणे बंद करणे, हा शब्द मला नवा नाही. तो स्वतःच्या घरात ऐकण्याची वेळ यंदा आली.

माझ्या भाच्याने पगारातून थोडे थोडे बिटकॉइन घेतले होते. अ‍ॅपवर ‘पी टू पी’ पद्धतीने. यात अ‍ॅप विकणाऱ्याचे बिटकॉइन अडकवून ठेवते आणि पैसे एका अनोळखी माणसाच्या खात्यातून दुसऱ्याच्या खात्यात यूपीआय नाहीतर आयएमपीएसने थेट जातात. खरेदीच्या वेळी समोरच्याने बजावले होते, ‘रिमार्कमध्ये क्रिप्टो, बिटकॉइन काही लिहू नका.’ तिथेच शहाणे व्हायला हवे होते.

फेब्रुवारीत त्याने अठरा हजारांचे बिटकॉइन विकले. पैसे क्षणात आले, पण पाठवणाऱ्याचे नाव अ‍ॅपवरच्या नावाशी जुळेना. ‘भावाचे खाते आहे,’ असे उत्तर आले आणि याने बिटकॉइन सोडले. तिसऱ्या आठवड्यात दूधवाल्याचे पैसे जाईनात. परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या पत्रावरून खाते गोठवले होते. बिटकॉइन घेणाऱ्या भामट्याने भाच्याचा खातेक्रमांक तिसऱ्याच कुणाला देऊन त्याच्याकडून पैसे भरून घेतले होते. फसलेल्याने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, ती योग्यच. माग लागला तो भाच्याचा. बिटकॉइन घेऊन भामटा पसार.

हा आडमार्ग लोक का धरतात, तेही पाहावे. बँकांनी क्रिप्टोच्या व्यवहारांना सेवा देऊ नये ही रिझर्व्ह बँकेची २०१८ ची बंदी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये रद्द केली, तरी बऱ्याच बँका या व्यवहारांना हात लावायला कचरत राहिल्या. एप्रिल २०२२ मध्ये कॉइनबेस या अमेरिकी क्रिप्टो एक्स्चेंजने, म्हणजे बिटकॉइनसारख्या चलनांच्या खरेदी-विक्रीच्या कंपनीने, भारतात यूपीआयने खरेदी सुरू केली. ‘यूपीआय वापरणारे कोणतेही क्रिप्टो एक्स्चेंज आम्हाला माहीत नाही,’ असे यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने जाहीर केले आणि काही दिवसांत ती सोय बंद पडली. गंमत म्हणजे नफ्यावर तीस टक्के कर त्याच महिन्यापासून लागू झाला. जुलैपासून विक्रीवर एक टक्का टीडीएसही आला. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही, ते वेगळेच.

बिटकॉइन घ्यावे की नाही, हा माझा विषय नाही. मी स्वतः घेणार नाही. पण वादातली रक्कम अठरा हजार असताना पगार, घरभाडे, विम्याचा हप्ता सगळे अडकवायचे कशाला? तेवढ्याच रकमेवर लियन लावता येतो, म्हणजे तेवढीच रक्कम अडते आणि बाकी खाते चालू राहते. आम्ही लावत असू. तक्रार क्रमांक आणि पोलीस ठाण्याचे नाव खातेदाराला त्याच दिवशी एसएमएसने कळवायला काय हरकत आहे? भाच्याला ते मिळवायला शाखेत चार खेपा घालाव्या लागल्या. तिथल्या मुलीलाही काही माहीत नव्हते, तिचा दोष नाही. आणि नाव जुळत नसेल तर व्यवहार आपोआप थांबेल अशी सोय या अ‍ॅपवाल्यांना सक्तीची करावी. मार्च २०२३ पासून ते मनी लाँड्रिंग कायद्याच्या कक्षेत आहेतच.

तोवर विकणाऱ्यांनी एवढे पाळावे: दुसऱ्याच नावाने पैसे आले तर बिटकॉइन सोडू नये, लगेच अ‍ॅपकडे तक्रार नोंदवावी.

भाच्याचे खाते पाच महिन्यांनी, गेल्या आठवड्यात मोकळे झाले. अठरा हजार अजून होल्डवरच आहेत. त्या विक्रीवरचा कर मात्र त्याला भरावाच लागणार आहे.

– एक निवृत्त बँक कर्मचारी, सातारा